विसार घेतल्यावर गिऱ्हाईक फिरलं तर

प्रश्न थोडक्यात असा. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका घरात १९६७ ची फियाट ११०० डिलाइट आहे, वडिलांची. वडील जाऊन दोन वर्षं झाली, आर.सी. (नोंदणीचं पुस्तक) अजून त्यांच्याच नावावर आहे. पुण्याच्या एका गृहस्थाने नुसते फोटो बघून ४,७५,००० ला सौदा ठरवला, ५०,००० रुपये विसार म्हणून यूपीआयने पाठवले आणि ‘पंधरा दिवसांत येऊन घेऊन जातो’ म्हणाला. लेखी काही नाही, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं. आता दोन महिने होत आले. परवा त्याचा फोन आला: माझा मेकॅनिक म्हणतो खालचा पत्रा गेलाय, चार लाखाला द्या, नाहीतर विसार परत करा. दरम्यान सुरतचा एक माणूस घरी येऊन गाडी बघून गेला, पूर्ण रक्कम द्यायला तयार आहे. तेव्हा विसार जप्त करून गाडी सुरतवाल्याला द्यावी का?

मी वडोदऱ्यात जुन्या गाड्यांचं काम करतो आणि अशा घरगुती विक्रीत बऱ्याचदा मालकाच्या बाजूने बसतो. आधी सरळ उत्तर देतो. विसार जप्त करू नका, पूर्ण परत करा. गाडी सुरतवाल्याला जरूर द्या, पण पहिला व्यवहार लेखी मोकळा झाल्यावर आणि कागद तुमच्या नावावर आल्यावर.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आर.सी. आहे. पुण्याचा माणूस पंधराव्या दिवशी पूर्ण पैसे घेऊन दारात उभा राहिला असता, तर तुम्ही त्याला गाडी कायदेशीर नावावर करून देऊ शकला असता का? नाही. वारसाहक्काने नाव बदलायचा फॉर्म ३१ अजून भरलेला नाही. नियमाप्रमाणे तो मालकाच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांत द्यायचा असतो. म्हणजे उशीर जितका त्याचा, तितकाच तुमच्या बाजूनेही आहे. त्याने उद्या वकिलाकडून नोटीस पाठवली तर पहिला मुद्दा हाच निघेल.

दुसरं असं की जप्तीबद्दल लोकांचा फार मोठा गैरसमज आहे. ‘गिऱ्हाईक फिरलं की विसार बुडाला’ हे बाजारात सर्रास बोललं जातं, पण करार कायदा, १८७२ चं कलम ७४ करार मोडणाऱ्याकडून वाजवी भरपाईच घेऊ देतं, तीही ठरलेल्या रकमेच्या आत. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाश नाथ असोसिएट्सच्या प्रकरणात हे अगदी स्पष्ट केलं. तिथे भूखंड होता आणि समोर दिल्ली विकास प्राधिकरण होतं. प्राधिकरणाने बयाण्याची रक्कम जप्त केली आणि नंतर तोच भूखंड कितीतरी जास्त किमतीला विकला. न्यायालयाने म्हटलं, तुमचं नुकसानच झालं नाही तर भरपाई कसली? तुमची स्थिती तशीच आहे. सुरतवाला तेवढेच पैसे देतोय, मग पन्नास हजारांचं नुकसान दाखवणार कुठे? शिवाय विसार परत मिळणार नाही असं तुम्ही कुठे लिहून घेतलेलंच नाही. दोन महिने गाडी अडकून राहिली म्हणून चार-पाच हजार कापून घ्यावेत असंही मनात येईल. तेही करू नका. त्या चार हजारांपायी तो माणूस वर्षभर फोन करत राहील, आणि सुरतवाल्यापर्यंत पोहोचून ‘ही गाडी माझी बुक आहे’ म्हणेल तेव्हा खरा घोळ होईल.

फोनवर त्याने दोन पर्याय दिलेत, त्यातला दुसरा तुम्ही लेखी मान्य करा. असा मजकूर पाठवा: ‘फियाट ११०० डिलाइटसाठी आपण अमुक तारखेला ५०,००० रुपये विसार पाठवला होता. अमुक तारखेला फोनवर आपण किंमत ४,००,००० करा किंवा विसार परत करा, असे सांगितले. किंमत कमी करणे आम्हाला शक्य नाही. आपल्या म्हणण्याप्रमाणे पूर्ण विसार, ज्या खात्यातून आला त्याच खात्यात, आज परत करत आहोत. या गाडीबाबत आपले एकमेकांकडे काही देणे-घेणे राहिले नाही. रक्कम मिळाल्याचे कळवावे.’ पैसे पाठवा, व्यवहाराचा क्रमांक त्याच मेसेजखाली टाका आणि त्याचं ‘मिळाले’ आलं की तो स्क्रीनशॉट जपून ठेवा. तो म्हणेल की दुसऱ्या खात्यात टाका, मेहुण्याच्या टाका, तर नम्रपणे नाही म्हणा. चोरीचे किंवा फसवणुकीचे पैसे फिरवायचा हा नेहमीचा मार्ग आहे आणि त्यात सायबर पोलिसांकडून गोठवलं जातं ते तुमचं खातं.

हा संदेश जाईपर्यंत सुरतवाल्याकडून एक रुपयाही घेऊ नका. एका गाडीवर दोन विसार घेतलेत की मग दोष तुमचा, आधी कोण कसा वागला याला काही किंमत राहत नाही. त्याला खरं सांगा: आधीचा एक व्यवहार संपवतोय, कागद आमच्या नावावर करतोय, झालं की पहिला फोन तुम्हाला. ज्याला गाडी खरोखर हवी असते तो एवढं थांबतो. जुन्या गाडीचं गिऱ्हाईक अर्ध्या तासात मन बदलत नाही.

पुण्याच्या माणसाबद्दल मला एक शंका आहे, ती तपासून बघा. न बघता सौदा करणं, किमतीबद्दल काहीच खळखळ न करणं, झटकन विसार पाठवणं आणि मग गायब होणं ही बऱ्याचदा दलालाची रीत असते. तो शौकीन म्हणून येतो, थोडे पैसे देऊन गाडी अडकवतो, तुमचेच फोटो टाकून पाच-सव्वापाच लाखांना खरा घेणारा शोधतो. मिळाला तर येतो, नाही मिळाला तर किंमत पाडून बघतो. विक्रीच्या साइटवर नि फेसबुकवर तुमचे फोटो शोधा. मागे तुमच्या अंगणातली तुळस नि जिना दिसतोच आहे, ओळखायला वेळ लागणार नाही. यात बेकायदा असं काही नाही. मात्र तुमची मुदत तो फुकट वापरतोय, आणि माझ्या मते सगळं दुखणं तिथेच आहे. विसार घेतला म्हणजे तुम्ही तेवढे दिवस बाकीच्या सगळ्यांना नाही म्हणायचं कबूल केलंत. ते दिवस किती, हे लिहिलेलं नसेल तर पन्नास हजार घ्या नाहीतर दीड लाख घ्या, गाडी बेमुदत बांधली गेली.

आता सुरतवाल्याकडे वळू. त्याच्याशी विसाराचं बोलायच्या आधी कागद. वडिलांचा मृत्यूचा दाखला, आई आणि भावा-बहिणींचं नोटरी केलेलं संमतिपत्र, मागितला तर तलाठ्याकडचा पेढीनामा म्हणजे वंशावळ, आणि फॉर्म ३१. जुनं पुस्तकवालं आर.सी. असेल तर ‘वाहन’ या सरकारी नोंदणी-साइटच्या संगणकात नोंद आहे का ते नंबर टाकून बघा, नसेल तर दरजीपुऱ्याच्या आरटीओत आधी बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते, त्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. नोंदणीची मुदतही बघा. पहिल्या पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांहून जुन्या कारची त्याची फी १०,००० रुपये झाली आहे. मुदत संपलेली असेल तर हा खर्च कोणाचा, हे किंमत ठरतानाच बोला.

चॅसिस नंबरची पेन्सिल छाप स्वतः घेऊन बघा. नंबराची जागा रॉकेलच्या फडक्याने पुसायची, वर पांढरी चिकटपट्टी लावायची आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासायची. आकडे स्वच्छ उठले आणि आर.सी.शी जुळले तर निम्मी काळजी मिटली. इंजिन नंबरही बघा. या गाड्यांत नंतर कधीतरी पद्मिनीचं, म्हणजे याच कंपनीच्या पुढच्या गाडीचं, इंजिन टाकलेलं असतं, कधीकधी डिझेलसुद्धा, आणि आर.सी.त त्याची नोंद नसते. हे गिऱ्हाइकाच्या मेकॅनिकने शोधून काढण्यापेक्षा तुम्ही आधी सांगितलेलं केव्हाही बरं.

आणि इथेच त्या ‘पत्रा गेलाय’ प्रकाराचं उत्तर आहे. फियाटचा पत्रा खालून सडतोच: दाराखालच्या पट्ट्या, पायाखालची जमीन, डिकीतला स्टेपनीचा खड्डा. विसार घ्यायच्या आधी गाडी दोन तासांसाठी गॅरेजच्या पिटावर घ्या आणि ओळखीच्या डेंटरला लोहचुंबक फिरवायला सांगा. चुंबक जिथे पकडत नाही तिथे पुट्टी आहे. अशा प्रत्येक जागेचा जवळून फोटो काढा, एका कागदावर दोषांची यादी लिहा: डाव्या दाराखालची पट्टी पुट्टीने भरलेली, दुसरा गिअर थंड असताना घासतो, पेट्रोलचा काटा चालत नाही, वायपर एकच चालतो. ही यादी गिऱ्हाइकाला द्या आणि तिच्यावर त्याची सही घ्या. मग बँकेच्या दारात उभं राहून कोणी ‘पत्रा गेलाय, पन्नास कमी करा’ म्हणाला तर वाद घालायची गरजच नाही. कागद पुढे करायचा. ‘जशी आहे तशी विकली’ एवढंच लिहून भागत नाही. माहीत असलेला दोष जाणूनबुजून लपवला तर ती फसवणूक ठरते आणि ते वाक्य तुम्हाला वाचवत नाही. उघड सांगितलेल्या दोषाने किंमत थोडी उतरते हे खरं, पण ती एकदाच उतरते.

किमतीचंही एक बोलतो. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन झालं आणि त्यानंतर आपल्या गावात ज्याच्या त्याच्या वाड्यातली फियाट राजघराण्याची असल्यासारखी बोलली जाऊ लागली. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या काढल्या त्या कुटुंबांसाठी, आणि भरपूर काढल्या. मूळ मीटर, मूळ बंपर, मूळ जाळी, एकाच घरातली मालकी आणि वडिलांनी जपलेल्या सर्व्हिसच्या पावत्या यांना खरी किंमत आहे. या पावत्या फाइल करून ठेवा. घासाघीस करणारा माणूस ती फाइल चाळताना हमखास गप्प होतो.

सुरतवाल्याने गाडी बघितलीच आहे; चालवून बघायची असेल तर आधी विमा चालू आहे ना ते बघा. पहिली फेरी तुम्ही मारा, दांडिया बाजारातून पूल ओलांडून अकोट्यापर्यंत, त्याला शेजारी बसवून. परत येताना मोकळ्या रस्त्यावर त्याच्या हातात द्या, तुम्ही शेजारी बसा. स्टिअरिंगवरचा गिअर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक अशी गाडी आजकालच्या माणसाने कधी चालवलेली नसते. ब्रेक किती आधी दाबायचा हे त्याला सांगावं लागतं. किल्ली देऊन ‘या जाऊन एक चक्कर’ असं कधीच करू नका, आणि मूळ आर.सी. घरातच राहू द्या.

मग विसारपावती. दीडपानी करार नको, पण पुढच्या गोष्टी हव्यातच: दोघांची पूर्ण नावं आणि पत्ते, गाडीचा नंबर, चॅसिस आणि इंजिन नंबर, एकूण किंमत, विसाराची रक्कम आणि ती कशी मिळाली, उरलेली रक्कम देण्याची तारीख, दोषांची यादी मान्य असल्याचं वाक्य, आणि कोणी मागे फिरलं तर काय. हे शेवटचं असं लिहा: ‘अमुक तारखेपर्यंत खरेदीदाराने उरलेली रक्कम दिली नाही, तर विक्रेता गाडी दुसऱ्यास विकण्यास मोकळा राहील आणि विसारातून १०,००० रुपये गाडी अडवून ठेवल्याबद्दल वजा करून बाकी रक्कम सात दिवसांत परत करील. विक्रेत्याने विक्री नाकारली किंवा कागद पूर्ण झाले नाहीत, तर पूर्ण विसार सात दिवसांत परत करील.’ संपूर्ण विसार बुडेल असं लिहिण्यापेक्षा ही ठरलेली, वाजवी रक्कम माझ्या अनुभवात जास्त उपयोगी पडते. कोर्टाची पायरी चढायची वेळ येत नाही आणि समोरच्यालाही ती न्याय्य वाटते, म्हणून तो तारीख पाळतो. ई-स्टॅम्पवर करून साक्षीदारांच्या सह्या घेतल्यात तर उत्तमच.

किती घ्यावा? किमतीच्या साधारण एक दशांश. पाच हजार दिलेला माणूस सहज विसरतो. दोन लाख घेतलेत तर परत करायची वेळ आल्यावर तुमचीच धावपळ. आणि विसार खर्चू नका. गाडी जाईपर्यंत ती रक्कम खात्यात तशीच राहू द्या. ‘फोटो बघून पसंत आहे, बुक करा’ म्हणणाऱ्याकडून विसार घेऊच नका. फार तर तीन दिवस गाडी थांबवण्यासाठी पूर्ण परत मिळणारं छोटं टोकन घ्या आणि येऊन बघ म्हणा. नातलग किंवा शेजारी ‘माझ्यासाठी ठेव रे’ म्हणतात, त्यांनाही हेच. आपल्या गल्लीत हे सांगायला जड जातं, मला माहीत आहे, पण पैसे नाहीत तर राखणं नाही.

उरलेली रक्कम बँकेतूनच घ्या. ‘दोन लाख चेकने, बाकी रोख’ असा प्रस्ताव या बाजारात येतोच येतो. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात बंदी आहे, आणि दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, तेवढ्याच रकमेचा होतो. २ लाखांपासून पुढे आरटीजीएस चालतं आणि डिसेंबर २०२० पासून ते चोवीस तास सुरू असतं. तरीही व्यवहार कामाच्या दिवशी सकाळी करा, कारण नवीन खातं जोडल्यावर पहिल्या दिवशी मोठी रक्कम पाठवायला कित्येक बँका अडवतात. विसार त्याच खात्यावर बँक ट्रान्सफरने घेतलात तर ही अडचण आधीच सुटते. स्क्रीनशॉट, ‘पैसे गेले’चा एसएमएस, डिमांड ड्राफ्टचा फोटो, यातलं काहीच पैसे नव्हे. तुमच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये जमा दिसले की पैसे आले. चेक असेल तर वटल्यावरच किल्ली.

इथेच एक सावधगिरी. ‘मी फौजेत आहे, जामनगरला पोस्टिंग आहे, गाडी न बघता घेतो, हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील’ असा फोन तुम्हाला आजवर आला नसेल तर येईल. पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. बोलणं तिथेच तोडा. कोणी फसलंच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायचा, पहिले काही तास मोलाचे असतात.

सुरत आपल्याच राज्यात आहे हा तुमचा मोठा फायदा. पुण्याच्या माणसाला गाडी दिली असती तर फॉर्म २८ वर ना-हरकत दाखला काढावा लागला असता, आणि तो एकदा निघाला की गाडी कागदोपत्री त्या परराज्यातल्या आरटीओच्या वाटेला लागते. मग गिऱ्हाईक फिरलं तर तो रद्द करत बसायचं. पुढे कोणी परराज्यातला घेणारा आला तर पूर्ण पैसे जमा झाल्यावरच दाखल्याचा अर्ज करा, आणि त्याला भीती वाटू नये म्हणून तसं लेखी हमीपत्र द्या. पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, २०२१ पासून तसे नियम आहेत: फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. विकण्याआधी तुम्ही ती करू नये असं माझं मत आहे. तशी नोंदणी झालेली गाडी प्रदर्शन, रॅली अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते आणि रोज चालवू इच्छिणारं गिऱ्हाईक हातचं जातं. घेणाऱ्याला हवं तर तो करेल.

फॉर्म २९ (विक्रीची सूचना) आणि ३० (नाव बदलायचा अर्ज) यांवर सह्या सुरतवाल्याचं नाव-पत्ता भरल्यानंतरच करा. ‘कोरे सही करून द्या, मी बघतो’ म्हणणारा माणूस गाडी पुढे विकणार आहे एवढं समजा. हे फार गंभीर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं की गाडी कितीही हातांतून गेलेली असो, अपघाताची भरपाई नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते. त्या प्रकरणातल्या मालकाने गाडी केव्हाच विकली होती. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्याची सूचना तुम्ही १४ दिवसांत द्यायची असते. ती घेणाऱ्यावर सोपवू नका, पावती स्वतःकडे ठेवा.

गाडी सोपवताना ताबापावती करा आणि तिच्यावर तारखेबरोबर वेळही घाला, तास-मिनिटांसकट. त्या वेळेनंतरचा चलान, अपघात, काहीही असो, तुमच्याकडे दाखवायला कागद राहतो. मीटरचा आकडा, दिलेल्या किल्ल्या, जॅक, स्टेपनी, सुटे भाग लिहा. घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या, गाडीशेजारी त्याचा एक फोटो काढा. फास्टॅग लावलेला असेल तर काढून बंद करा, तो तुमच्या खात्याला जोडलेला आहे. विमा कंपनीला कळवा. आणि महिनाभराने ‘वाहन’वर नंबर टाकून नाव बदललं का ते बघा. बदललेलं नसेल तर सुरतवाल्याला आठवण करा, आणि तरी हललं नाही तर ताबापावती आणि फॉर्म २९ ची पावती जोडून आरटीओला लेखी अर्ज द्या. अर्जाच्या प्रतीवर त्यांचा शिक्का घ्यायला विसरू नका.